टाकीचं विरजण

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. वजन पुन्हा कमी भरलं. बाकी रक्तदाब, साखर, छाती, सगळं तिच्या वयाला शोभेल असं. डॉक्टर म्हणाले, "शरीराला काही नाही सिस्टर, मन लागत नाहीये त्यांचं." एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा! मी उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये काढला, मन या अवयवाशी माझा कधी संबंध आला नाही. तरी विचारलं, "मग औषध?" तर म्हणाले, "घरात काहीतरी जिवंत, हलतं-फिरतं ठेवा. कुत्रं-मांजर तुम्हा दोघींना झेपायचं नाही. मासे ठेवा."

मासे म्हणे. भिजलेलं फडकं बादलीत राहिलं तरी मला झोप लागत नाही, आणि माझ्या घरात मासे पोहणार.

पण ताईकडे बघून होकार दिला. भावोजी गेले, भाच्यानं तिकडचं घर आवरलं आणि आईला माझ्याकडे आणून सोडलं. आली त्या दिवशी चांगली बोलत होती. रडली, मग भावोजींच्या घोरण्याच्या नकला करून हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी तिचं सामान हाताखालून घातलं. बोचकी सोडली, जंतुनाशक टाकून गरम पाण्यात सगळं धुऊन काढलं. भावोजींचा एक राखाडी स्वेटर तर उशीच्या अभ्र्यात कोंबलेला सापडला. इतका मळका, की पाणी काळंकुट्ट निघालं. सगळं कडक उन्हात वाळवून, घड्या घालून तिच्या कपाटात लावलं. हॉटेलात मिळणार नाही अशी बडदास्त. आणि नेमकी तेव्हापासून ही गप्प. दुःख उशिरा वर येतं म्हणतात, तसंच असेल.

आता तिची भाषा म्हणजे "हं", "नको" आणि "बघ". भाच्यानं सांगून ठेवलंय, "मावशी, मार्चच्या मध्यापर्यंत वाट बघू. आई अशीच राहिली तर तिला ज्येष्ठांच्या निवासात ठेवतो. तिथे नर्स असतात, सोबत असते." मी म्हटलं, "नर्सची इथे काय वानवा आहे?"

हे पान कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ती गेली तर हे घर मला खायला उठेल.

६ फेब्रुवारी

माशांच्या दुकानात गेलो. दुकान बोळासारखं, दोन्ही बाजूंना टाक्या, आणि मधे मासेवाला. तो असला की तिसरं माणूस मावत नाही. तोंड अखंड चालू. मला "आजी" म्हणाला. त्याच्या डोक्यावरचे उरलेले केस बघता मी त्याची फार तर मावशी असेन.

मी एक काचेचं वाटोळं भांडं पसंत केलं होतं. लहान, धुवायला सोपं. तो म्हणाला, "आजी, लहान भांडं म्हणजे मोठा ताप. थोड्या पाण्यात घाण लगेच चढते, मोठ्या पाण्यात सावकाश. म्हातारपणी मोठी टाकीच सोपी." विकायचा डाव, हे न कळायला मी दुधखुळी नाही. पण हिशेब पटला. थिएटरमध्येही मोठ्या खोलीची हवा जास्त टिकायची.

तो सांगत होता, मी प्रश्न विचारत होते, आणि ताई कुठे दिसेना. बघते तर आतल्या टाकीसमोर स्टुलावर बसलेली, काचेला नाक लागेल इतकी जवळ. हाक मारली तर "हं" म्हणाली, पण उठली नाही. मी मुकाट्यानं मोठी टाकी घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज टाकी बसवली. जागेवरून दिवसभर डोकं लढवलं. खिडकीशी नको, ऊन लागून पाणी हिरवं होतं. जमिनीवर नको, वाकायला आमच्या कंबरा सरकारी पुलासारख्या, कधी काय होईल सांगता येत नाही. शेवटी जुनं बुटकं कपाट भिंतीला टेकवून त्यावर ठेवली. खुर्चीत बसलं की डोळ्यासमोर, उभं राहिलं की हाताशी. प्लगही जवळ. दिवा आपोआप लागतो-विझतो, ती मात्र मजेची सोय.

पाणी बादलीनं नाही, मगानं भरलं. मग रिकामा असताना हलका, भरला तरी हलका. वेळ लागतो, पण आम्हांला कुठे गाडी पकडायचीय? तळाची खडी मी आधी उकळून घेतली. दगडसुद्धा उकळले. मासेवाल्यानं दिलेलं रोप दगडाला दोऱ्यानं बांधून सोडलं, त्याला मातीसुद्धा लागत नाही. कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर; त्याच्यातून हवेचे बुडबुडे निघतात आणि पाण्यातला कचरा स्पंजात अडकतो.

मासेवाल्याचं म्हणणं, मासे आत्ता नाहीत, टाकी काही आठवडे नुसती चालू ठेवायची. "पाणी मुरू द्या आजी." पाणी कसं मुरायचं, लोणचं आहे का ते? माशांशिवाय टाकी म्हणजे पेशंटशिवाय वॉर्ड. तरी ताई संध्याकाळभर त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसली. काय दिसत होतं तिला कोण जाणे.

१४ फेब्रुवारी

पाणी गढूळ झालं. दुधाचं भांडं विसळावं तसं. दगडांवर बुळबुळीत थर. रोपाबरोबर एक गोगलगाय फुकटात आलीय, ती काचेवर आपला रस्ता काढत फिरते. काल दिवसभर मी कसाबसा दम धरला. आज नाही धरवला. सगळं पाणी उपसलं, खडी पुन्हा उकळली, काच घासली, रोपसुद्धा नळाखाली धरलं. गोगलगाय एका वाटीत ठेवली, तिला मात्र उकळलं नाही.

आणि आजची खरी बातमी. ताई बोलली! मी दगड घासत होते, ती मागून म्हणाली, "राहू दे ना ते."

अख्खं वाक्य! मला इतका आनंद झाला की दुप्पट जोरानं घासलं. काय राहू दे, ते विचारायचंच राहिलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आता पाणी आरशासारखं. मासेवाल्याला फोनवर म्हटलं, टाकी बरेच दिवस चालू आहे, मासे द्या. मधे घासल्याचं बोलले नाही. त्यानं विचारलं कुठे?

प्लॅटी नावाचे सहा मासे आणले. बोटाच्या पेराएवढे, शेंदरी. मासेवाला म्हणाला, फार निगुतीचं काही लागत नाही, चिमूटभर खाणं, अधूनमधून थोडं पाणी बदलायचं, बस.

ताईची खुर्ची आता टाकीसमोर. मासे सोडल्यापासून उठली नाही, जेवणसुद्धा ताट मांडीवर घेऊन तिथेच. एक जाडा मासा सगळ्यांना हाकत फिरतो. मी म्हटलं, "हा आमचा मेडिकल सुपरिंटेंडेंट." ताई हसली. आवाज न करता, पण खांदे हलले. आणि म्हणाली, "तो स्पंजामागचा बघ. भित्रट. तुझे भावोजी सासरी यायचे तेव्हा असेच दाराआड उभे राहायचे."

सबंध दिवस मी घरात गुणगुणत होते. शेजारीणबाई दार वाजवून विचारून गेल्या, बरं आहे ना म्हणून.

खाण्याचा घोटाळा होऊ नये म्हणून एक युक्ती काढली. दोघी विसरभोळ्या, दोघींनी दोनदा घातलं की मासे अजीर्णानं जायचे. माझी गोळ्यांची जुनी डबी आहे, वारांचे कप्पे असलेली. त्यात आठवड्याचं खाणं चिमूट-चिमूट भरून ठेवलं. कप्पा रिकामा म्हणजे जेवणं झाली. ताई डबी बघून म्हणाली, "बरं सुचलं." हा शेरा मी डायरीत जपून ठेवतेय.

२३ फेब्रुवारी

आज स्पंज धुतला. बाप रे, काय तो चिखल! तपकिरी, लिबलिबीत. हे सगळं त्या बिचाऱ्या माशांच्या पाण्यात? गरम पाणी, सोडा, पुन्हा गरम पाणी. पांढराशुभ्र होऊन निघाला. थिएटरमध्ये चालला असता.

ताई दारात उभी राहून बघत होती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दोन मासे मेले. बाकीचे पाण्याच्या वर तोंडं आणून आ वासतायत. धाप लागलेला पेशंट मी लांबून ओळखते, पण माशाला ऑक्सिजनचा मास्क लावतात कुठे?

काही घाण राहिली असणार. सगळं पाणी बदललं, स्पंज पुन्हा धुतला. ताई आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. विचारलं, जेवतेस? "नको." पुन्हा त्याच जुन्या शब्दांवर आली.

१ मार्च, रविवार

भाचा येऊन गेला. आज सकाळीच तिसरा मासा गेला होता, आणि नेमकं त्याला ते दिसलं. उरलेले तिघे कोपऱ्यात. आई आतल्या खोलीत, मावशीच्या हाताला सोड्याचा वास.

म्हणाला, "मावशी, तू खूप करतेस गं. पण हे तुझ्याच्यानं होतंय का?" मासे म्हणत होता की आई, कळलं नाही. निवासात एक खोली रिकामी होतेय, पंधरा तारखेला तो गाडी घेऊन येणार. ताईला विचारलं, तर म्हणाली, "बघ." तिनं निदान "नको" म्हणायचं होतं. मला फार लागलं ते. काय कमी केलं मी हिच्यासाठी? चादरीला सुरकुती नाही, ताटावर डाग नाही.

४ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी मी स्पंज काढायला बाही वर केली. मागून हात आला आणि माझं मनगट धरलं. ताईचा हात. तिच्या पकडीत एवढा जोर उरलाय हे वजनाच्या काट्यावर दिसत नाही.

"बये, सोड तो."

"अगं, घाण आहे ती."

"घाण नाही. विरजण आहे."

मला वाटलं, हिला ताप चढला. तिनं मला खुर्चीत बसवलं, स्वतः उभी राहिली. लहानपणी मला गणित शिकवायची तशी.

"मी इतके दिवस बघतेय. तू धुतेस, दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडतात. तू धुतेस, एक मरतो. ती गोगलगाय बघ, आणि हा भित्रट बघ. स्वच्छ काचेला तोंड लावत नाहीत. त्या मागच्या दगडाला लावतात, जिथे तुझा हात पोचत नाही. त्या बुळबुळीतच काहीतरी आहे, जे पाणी राखतं. दही लावायचं भांडं तू रोज घासून पुसून लख्ख ठेवलंस, विरजणाची कवडीसुद्धा उरू दिली नाहीस, तर उद्या दही कशाचं लावशील?"

मी आयुष्यभर जंतू मारले. जंतू सांभाळायचे असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मग मासेवाल्यानं का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. पाणी मुरू द्या म्हणाला. तू लोणच्याचा विनोद केलास." मग खाली बघून म्हणाली, "तुला सगळंच धुवायचं असतं. ह्यांचा स्वेटरसुद्धा."

स्वेटरचं काय मधेच? लोकरीचा कपडा इतक्या निगुतीनं धुतला, आटला नाही, रंग गेला नाही. तसं म्हटलं तर ती पुन्हा गप्प झाली. पण हे गप्प राहणं निराळं, टाकीकडे तोंड करून.

५ मार्च

ताई स्वतः होऊन बाहेर पडली, मागोमाग मी! दुकानात जाऊन मासेवाल्याला म्हणाली, "तुमच्याकडचा सगळ्यात घाणेरडा स्पंज द्या." तो पोट धरून हसला. म्हणाला, "आजी, नवी वस्तू द्या म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात, जुनी घाण मागणारं तुम्हीच." पण तुकडा कापून दिला, त्याच्याच टाकीतला, पाण्यासकट पिशवीत. खरंच विरजण लावायचं असतं तसं. मी मासे कधी सोडले, टाकी किती वेळा घासली, हे ताईनं त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू पाण्यात राहून माशाशी वैर करणारी मीच.

पिशवी घरापर्यंत मी धरली होती, हात लांब करून. रस्त्यातला माणूस बाजूला होत होता.

आता घरचा कायदा ताईचा. माझे हात पाण्याबाहेर. स्पंज फार भरला तरच काढायचा आणि टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. पाणी थोडंच बदलायचं, साठवून ठेवलेलं, मगानं. समोरची काच तेवढी मी पुसू शकते. ही मला दिलेली सवलत आहे.

१० मार्च

मासे वर येत नाहीत. तिघेही खालीवर फिरतायत, सुपरिंटेंडेंट पुन्हा राउंडवर. मागच्या काचेला हिरवी साय धरलीय. मला ती बघून कसंसंच होतं, पण मान्य केलं पाहिजे, भित्रट दिवसभर तिथे चरतो.

ताई आज दोन वेळा जेवली आणि मध्ये खाऊ मागितला. मीही बघत बसते आता. या वयात मला असं कळतंय की काही न करता बघत बसणं हेसुद्धा काम आहे. गोगलगाय काचेवर जाताना तिचं तोंड उघडतं-मिटतं, अगदी बारीक, ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. इतके दिवस कुठे होते मी?

१२ मार्च, गुरुवार

टाकीचं झाकण उघडलं की एक वास येतो. ओल्या मातीसारखा, पावसाळ्यात वाटेवरच्या डबक्यात पाय टाकावा तसा. मी नाक मुरडलं. ताई म्हणाली, "आता घरचा वास लागला हिला. उकळलेल्या टाकीला कसलाच नव्हता."

मी भाजी चिरत होते. सुरी तशीच ठेवली. ताई आंघोळीला गेल्यावर तिचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात राखाडी स्वेटर, मी घातलेली घडी तशीच, सूतभर हललेली नाही. नाकाशी धरला. साबण. जंतुनाशक. माझ्या थिएटरचा वास, माझा वास. भावोजींचा कुठे मागमूस नाही.

उशीच्या अभ्र्यात कोंबलेला होता. कोंबलेला नव्हता तो, ठेवलेला होता. ती त्यावर डोकं ठेवून निजत असणार.

मी कपाटाशी खाली बसले आणि रडले. थिएटरमध्ये कोणी गेलं तरी न रडणारी मी.

मग भाच्याला फोन केला. विचारलं, बाबांचं काही राहिलंय का तुझ्याकडे, न धुतलेलं? तो म्हणाला, "गाडीच्या डिकीत त्यांचं जॅकेट पडलंय, काम करताना घालायचे ते. घाण झालंय गं, कॉलर काळी आहे. टाकूनच द्यायचं होतं."

"खबरदार," मी म्हटलं. "टाकू नकोस, धुऊ नकोस, झटकूसुद्धा नकोस. जसं आहे तसं आण."

"मावशी, तू बोलतेयस ना हे?"

१५ मार्च, रविवार

भाचा वेळेवर आला. हातात पिशवी, आणि ताईची बॅग न्यायला मोकळा दुसरा हात. ताई टाकीसमोर बसून डबीतलं रविवारचं खाणं घालत होती.

पिशवी मी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं गाठ सोडली. जॅकेट बाहेर काढलं नाही, आधी नुसता हात आत घातला. मग चेहरा आत घातला, अख्खा. बराच वेळ तशीच होती. भाचा घाबरला. मी त्याला खुणेनं थांबवलं.

वर बघितलं तेव्हा डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "तेल," म्हणाली. "मशीनचं तेल आणि घाम. मेल्यानं कधी धुवायला दिलं नाही हे."

मी म्हटलं, "ताई, स्वेटर मी..." पुढे जमेना.

"माहितेय," ती म्हणाली. "तुझी माया गरम पाण्यातलीच. पण बये, विचारावं तरी."

भाच्यानं घसा खाकरला. म्हणाला, "आई, तिकडची खोली मी धरून ठेवलीय. तयारी करतेस?"

ताईनं जॅकेट खुर्चीच्या पाठीवर अडकवलं, बाह्या नीट केल्या. "मला कसं जमेल? हिच्यावर लक्ष कोण ठेवणार? मी जिना उतरले की ही स्पंज उकळायला ठेवेल."

भाचा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "ठेवीन. नक्की ठेवीन." आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुठला आरोप कबूल केला नसेल.

तो रिकाम्या हातानं परत गेला. जाताना सुपरिंटेंडेंटकडे बोट दाखवून म्हणाला, याला सांभाळा. त्या माशात त्याला आमच्यातली कोण दिसली कोण जाणे.

१६ मार्च, सोमवार

सोमवार म्हणजे कपड्यांचा दिवस. चादरी काढल्या, अभ्रे काढले, टॉवेल गोळा केले. ताई आंघोळीला गेली होती. टाकीसमोरच्या खुर्चीवर जॅकेट. कॉलर काळी, खिशाशी तेलाचा डाग, एका बाहीवर कसलं तरी वाळलेलं. माझे हात शिवशिवले. जित्याची खोड.

जवळ गेले. कॉलर बोटांत धरली. ताईसारखं नाक खाली नेलं. भावोजी दाराआड उभे असल्यासारखे वाटले.

बाही खुर्चीवरून घसरली होती, ती वर करून ठेवली. मग मशीनमध्ये साबण घातला आणि बाकीचे कपडे लावले.